बेदखल झालेली रयत

1999 पासून ज्या चित्रपट-संकलकांनी ॲपलच्या ‘फायनल कट प्रो’ या संकलन-सॉफ्टवेअरवर आपली उपजीविका आणि बोटांची वहिवाट उभारली होती, त्यांच्यासाठी जून 2011 मध्ये ‘फायनल कट प्रो एक्स’ हे नवे फर्मान निघाले, आणि या दप्तरात आपले जुने प्रकल्प उघडतच नाहीत, अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण जुळवण्याची सोय नाहीशी झाली आहे, जुनी आवृत्तीही त्याच मुहूर्तावर विक्रीतून उठवली आहे, असे त्या रयतेस कळून चुकले. (वॉल्टर मर्चसारख्या आचार्याने ‘कोल्ड माउंटन’ याच घराण्यातील अवजारावर संकलित केला होता, पण घरमालकास भाडेकऱ्याच्या कीर्तीशी काय कर्तव्य?) परिचित ट्रॅकांच्या जागी आता चुंबकीय पट्टी होती: एक तुकडा काढला की, कचेरीत कारकुनाची खुर्ची रिकामी होताच शेजारी सरकावेत तसे, मागले तुकडे आपोआप पुढे सरकत. बोभाटा झाल्यावर काहींचे पैसे परत मिळाले, बहुकॅमेऱ्यांची सोयही जानेवारी 2012 मध्ये परतली. तोवर कित्येकांनी अर्धवट चित्रपट कडेवर घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दारी बिऱ्हाड मांडले होते.