हात सातबाऱ्यावरचा असावा

फोर्कलिफ्टवाल्याचे उगाच लाड चालतात. गोदामात त्याला सीटवर बसवण्याआधी शिकवतात म्हणे : काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेव, चढावर माल वरच्या अंगाला ठेव, गाडी कलंडली तर उडी मारू नको, घट्ट धरून बस.

आमच्या वाशिम जिल्ह्यात लाड आहेत ते फक्त कारंजा-लाडच्या नावात. सोयाबीनची सोंगणी उरकून सुड्या लागल्या की रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत हडंबे, म्हणजे मळणीयंत्रं, धुरळा उडवत फिरतात. ऑपरेटरची पात्रता? मागच्या साली जो पोतं धरत होता, तो यंदा यंत्राच्या तोंडाशी. सुरक्षाही चोख : दसऱ्याला हार, नारळ आणि ट्रॅक्टरला लिंबू-मिरची.

हडंब्याला फिरवणारा ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावर कंपनी कव्हर देते. ते कुठं गेलं म्हणून विचारा.

‘‘घरी ठेवलं ना भाऊ. इथं खराब होऊन जाते.’’

कव्हर सुखरूप आहे. त्या उघड्या शाफ्टशेजारून, साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवलेल्या बाया सुडीतलं सोयाबीन कवटाळून नेतात. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला बांधलेल्या रुमालाचं एक टोक मोकळं लोंबत असतं. शाफ्टला तेवढं पुरतं.

कायदा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 1983 साली संसदेनं धोकादायक यंत्रांसाठी खास कायदा केला आणि त्यात मळणीयंत्राचं नावच घातलं. हडंब्यानं तो वाचलेला नाही. त्याच्या पोटात दिवसभर काडी जाते, कागद जात नाही.

अपघात झाल्यावर मात्र शासन हजर असतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दर ठरलेले आहेत : जीव गेला तर 2 लाख, दोन हात गेले तरी 2 लाख, एक हात गेला तर 1 लाख. सोयाबीनला हेवा वाटावा असं हे दरपत्रक. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये क्विंटल, पण तिथं ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. हाताला ओलाव्याची अट नाही.

अट दुसरीच. हात खातेदार शेतकऱ्याचा हवा, नाहीतर त्याच्या घरातल्या एका माणसाचा. हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो तो बहुतेक रोजानं आलेला, ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. त्याचा हात तुटला तरी या योजनेच्या लेखी तो जागेवरच असतो.

तेव्हा प्रशिक्षणाचा खर्च सरकारनं करूच नये. मजुरांनीच हंगामाआधी तलाठ्याकडे जाऊन आपल्या दोन्ही हातांचा फेरफार करून घ्यावा. तलाठी म्हणेल, ‘‘डाव्याचा आज घेतो. उजव्यासाठी सोमवारी या, सर्व्हर बंद आहे.’’