फेडररवाला

रॉजर फेडरर सप्टेंबर २०२२ मध्ये निवृत्त झाला. फेडररवाला अजून झालेला नाही, आणि त्याच्या घरच्यांनी आता आशा सोडली आहे.

माझ्या ओळखीत असे तिघे आहेत. एक बँकेतून मुदतीआधी बाहेर पडलेला, एक हाडांचा डॉक्टर, एक इंजिनिअरिंग कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स शिकवणारा. तिघेही पुण्याचे, पन्नाशी ओलांडलेले, आणि तिघांच्याही कपाटात ‘आरएफ’ लिहिलेली एक टोपी आहे, जी धुवायला टाकायची नसते. त्यांचं बोलणं इतकं सारखं असतं की कोण काय म्हणालं ते मला नंतर आठवत नाही. म्हणून इथे तिघांचा मिळून एकच माणूस करतो. तक्रार कुणाची येणार नाही. प्रत्येकाला वाटेल, हे बाकीच्या दोघांबद्दल आहे.

फेडररवाला मुळात सॅम्प्रसवाला होता. २००१ साली विंबल्डनवर सलग ३१ सामने जिंकत आलेल्या सॅम्प्रसला एका १९ वर्षांच्या, केसांची शेंडी बांधलेल्या स्विस पोरानं चौथ्या फेरीत पाच सेटमध्ये घरी पाठवलं, आणि आमच्या माणसानं त्याच रात्री पक्ष बदलला. महाराष्ट्रात त्यानंतर पक्षांतरं पुष्कळ झाली, पण इतकं टिकाऊ पक्षांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

“टेनिस काय, सगळेच खेळतात रे,” असं तो म्हणतो. “हा माणूस बघ.” मग पुरावे सुरू होतात. बाझेलच्या स्पर्धेत रॉजर लहानपणी बॉल बॉय होता. पुढे तीच स्पर्धा दहा वेळा जिंकला आणि तिथल्या बॉल बॉय पोरांना स्वतः पिझ्झा वाटत राहिला. एकेरीचे १,५२६ सामने खेळला, एकही अर्धवट सोडला नाही. पाठ धरली, गुडघा गेला, पण समोरच्याचा विजय कधी उणा होऊ दिला नाही. खिलाडूवृत्तीचं एडबर्गच्या नावाचं पारितोषिक १३ वेळा मिळालं. “आणि ते ठरवतं कोण? बरोबरचे खेळाडू! म्हणजे ज्यांना यानं धुतलं तेच!” हे सांगताना फेडररवाल्याचा आवाज असा मऊ होतो की त्याच्या ऑफिसातल्या शिपायानं तो ऐकला तर साहेबांची तब्येत बरी नाही असं समजेल.

मी एकदा खोडी काढली. म्हटलं, पोरवयात हाच रॉजर रॅकेटी फेकायचा. २००९ साली मायामीत जोकोविचशी हरताना त्यानं भर कोर्टात रॅकेट आपटून मोडली. त्याच वर्षी यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात पंचांवर आवाज चढवला. आणि त्याच वर्षी विंबल्डन जिंकल्याबरोबर सोनेरी ‘१५’ भरलेलं जाकीट घालून उभा राहिला. म्हणजे ते आधीच शिवून आणलेलं होतं.

फेडररवाल्यानं शांतपणे चहा संपवला.

“रॅकेट त्याची स्वतःची होती,” तो म्हणाला.

“आणि जाकीट?”

“कंपनीनं शिवलं. एवढं मनापासून शिवलेलं नको म्हणायचं? समोरच्याचं मन मोडत नाही तो.”

पंचांचं काय, हे मी विचारलं नाही. पंचांचीच काहीतरी चूक निघाली असती.

तसं पाहिलं तर मलाही फेडररचा खेळ फार आवडतो. पण फेडररवाल्यासमोर असं म्हणायची सोय नाही. तो लगेच तोंडी परीक्षा घेतो. “गायीचं नाव सांग.” ही गाय म्हणजे २००३ साली पहिलं विंबल्डन जिंकून आल्यावर ग्श्टाडच्या स्पर्धेत आयोजकांनी फेडररला दिलेली दुभती गाय. नाव ज्युलिएट. मला हे माहीत आहे, कारण परीक्षेत मी एकदा नापास झालोय. फेडररवाल्याच्या आईंना टेनिसमधलं काही कळत नाही, पण ही गोष्ट कळल्यापासून रॉजरबद्दल त्यांचं मत चांगलं झालं. “गोदानाला पात्र माणूस आहे,” असं त्या म्हणतात. त्यात त्याला दोन्ही वेळा जुळीच झाली, आधी दोन मुली, मग दोन मुलगे, हे ऐकून त्यांनी त्याच्या बायकोचीही मनापासून चौकशी केली होती. २०२० साली स्विस सरकारनं जिवंत माणसाचा छाप असलेलं पहिलंच नाणं काढलं, वीस फ्रँकचं, चांदीचं, वर रॉजरचा एकहाती बॅकहँड. ते फेडररवाल्याच्या भाच्यानं झुरिकहून आणून दिलं. आईंनी चांदी म्हटल्यावर ते देवघरात ठेवलं, आणि तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला बॅकहँडला हळदकुंकू लागतं. फेडररवाला वरवर म्हणतो, “आई पण ना!” पण नाणं त्यानं तिथून हलवलेलं नाही.

त्याच्या आयुष्यातला मोठा वैचारिक बदल आकड्यांच्या बाबतीत झाला. फेडररच्या चढत्या काळात हा माणूस चालतीबोलती खतावणी होता. सलग २३७ आठवडे जगात पहिला. सलग २३ ग्रँड स्लॅम स्पर्धांत किमान उपांत्य फेरी. सॅम्प्रसची १४ विजेतेपदं मागे, मग १७, मग २०. तेव्हा त्याच्याशी कुणी बॅकहँडच्या सौंदर्याबद्दल बोलायला गेलं तर तो म्हणायचा, “ते सगळं ठीक आहे, आकडा बघ.” त्यासाठी एक लांबट वही होती, लाल समासाची. पुढे २०२२ च्या जानेवारीत नदालनं एकविसावं जिंकलं. मग जोकोविच चोविसापर्यंत पोचला. वही माळ्यावर गेली. आता आकडे हे कारकुनी काम झालं. “भीमसेनअण्णांनी किती ताना घेतल्या, मोजल्यास का कधी?” असं तो विचारतो, आणि विचारताना असा बघतो, जणू आयुष्यात पहिल्यापासून आकडे मीच मोजत होतो.

एक आकडा मात्र त्यानं माळ्यावर टाकलेला नाही. २१८ आणि २०४.

ही १४ जुलै २०१९ ची गोष्ट, रविवार. लंडनमध्ये एकाच वेळी दोन अंतिम सामने चालू होते. लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा, ज्यातून भारत चार दिवसांपूर्वी बाहेर पडला होता, आणि विंबल्डनला फेडरर-जोकोविच. अख्खी सोसायटी, उरलं काय म्हणून का होईना, क्रिकेट बघत होती. फेडररवाल्याच्या घरात टीव्ही त्याच्या ताब्यात आणि मुलगा मोबाइलवर लॉर्ड्स घेऊन स्वयंपाकघरात हद्दपार. पाचवा सेट. ८-७. सर्व्हिस रॉजरची. ४०-१५. महिनाभरात ३८ पूर्ण करणारा माणूस नवव्या विंबल्डनपासून एक पॉइंट दूर, आणि संधी दोन.

फेडररवाला तासाभरापासून डावा पाय उजव्यावर टाकून बसला होता, कारण तसं बसल्यापासून सगळं नीट चाललं होतं. पाय सुन्न झाला होता. तो न हलवता त्यानं बायकोला हाक मारली, “अगं, पेढे काढ.”

“आधी संपू तर देत.”

“संपलंच.”

तिनं फ्रिजमधून पुडा आणला. पुड्याला दोरा होता. पहिल्या पॉइंटला रॉजरचा फोरहँड बाहेर गेला. ती दोऱ्याची गाठ नखानं काढत होती. दुसऱ्याला तो नेटकडे धावला आणि जोकोविचनं चेंडू तिरका त्याच्या बाजूनं काढला. तेव्हा गाठ सुटली. पुढचं सगळं इतिहासात आहे. १२-१२ झाल्यावर टायब्रेक (हा नियम त्याच वर्षी आलेला, फेडररवाल्याच्या मते मुद्दाम), आणि ४ तास ५७ मिनिटांनी जोकोविच विजयी. संपूर्ण सामन्यात फेडररनं जिंकलेले पॉइंट २१८, जोकोविचनं २०४. जास्त पॉइंट जिंकणारा हरला. थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून बातमी आली की तिकडे सुपर ओव्हरसुद्धा बरोबरीत सुटली आणि जास्त चौकार-षटकार मारले म्हणून चषक इंग्लंडला दिला. फेडररवाल्यानं त्यावर एकच भाष्य केलं: त्या दिवशी लंडनमध्ये मोजण्याचंच काहीतरी बिघडलं होतं.

पेढे दुसऱ्या दिवशी बायकोनं भिशीला नेले. मैत्रिणींनी विचारलं, कशाचे गं? ती म्हणाली, “हरल्याचे.” तिचं म्हणणं, त्यात दोऱ्याचा काही संबंध नव्हता. त्याचं म्हणणं त्यानं अजून बोलून दाखवलेलं नाही, पण घरात पेढ्यांचा दोऱ्याचा पुडा येणं बंद झालंय.

तेव्हापासून, जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं, तो जोकोविचचं नाव घेत नाही. “तो”, “तो सर्बियाचा”, फार झालं तर “तो दुसरा”. नदालचं तसं नव्हतं. नदालचं तो नाव घ्यायचा आणि मागे विशेषण लावायचा. “लाल मातीतला पैलवान” हे त्यातलं छापण्यासारखं. २००८ च्या विंबल्डनचा अंतिम सामना, तो अंधार पडेपर्यंत चाललेला, पाचव्या सेटला ९-७ नं गेलेला, त्यानं परत कधी पाहिला नाही. जगातले जाणकार त्याला सर्वोत्तम सामन्यांत धरतात. फेडररवाला म्हणतो, “प्रकाश अपुरा होता. थांबवायला हवा होता.”

या नदालचं काय करायचं, हा प्रश्न २०२२ च्या सप्टेंबरात उभा राहिला. रॉजरनं शेवटचा सामना लंडनला लेव्हर कपमध्ये ठेवला, दुहेरीचा, आणि जोडीदार घेतला नदाल. आपल्याकडे तो शुक्रवार उलटून शनिवारची पहाट झाली होती. आईंना मध्येच जाग आली. “पितृपक्षात कुणी शेवटची मॅच ठेवतं का?” त्या म्हणाल्या. समोर टिआफो आणि सॉक. शेवटच्या टायब्रेकमध्ये मॅच पॉइंट मिळाला, तोही गेला, सामना गेला. पेढे या वेळी नव्हतेच. मग गाणं सुरू झालं, रॉजर बाकावर बसून रडू लागला, आणि शेजारी बसलेला पैलवान त्याच्याहून जास्त रडू लागला. दोघांचे हात एकमेकांत.

पंधरा-सोळा वर्षं ज्याच्यावर डूख धरला, तो आपल्या माणसासाठी आपल्यापेक्षा जास्त रडतोय, हे बघून काय करावं, याची फेडररवाल्याकडे काहीच तयारी नव्हती. सकाळी सातला मला फोन आला. “राफा चांगला मुलगा आहे रे.” राफा! विशेषण नाही, काही नाही. त्यानंतर त्यानं नदालच्या चौदाही फ्रेंच विजेतेपदांना, मागील तारखेपासून, मान्यता दिली.

फेडररनं मात्र त्याला आणखी एक धक्का द्यायचा शिल्लक ठेवला होता. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजनं त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि त्यानं पदवीदान समारंभात भाषण केलं. सामने आपण जवळपास ८० टक्के जिंकलो, पण पॉइंट फक्त ५४ टक्के. आणि माझा खेळ सहज, विनाकष्ट आहे असं जे लोक म्हणतात ती दंतकथा आहे, त्यामागे घाम आहे, असं त्यानं पोरांना सांगितलं. आता, फेडररवाल्यानं वीस वर्षं याच एका मुद्द्यावर काढलेली. बाकीचे घाम गाळतात, आपला वाहतो. त्यानं भाषण दोनदा ऐकलं.

“विनय आहे त्याचा,” शेवटी तो म्हणाला. “असं म्हणावं लागतं.”

थोडक्यात, फेडररबद्दल फेडररचं मत त्याला मान्य नाही.

स्वतः फेडररवाला रविवारी सकाळी क्लबात दुहेरी खेळतो. बॅकहँड अर्थातच एकहाती. त्याचं पर्यवसान टेनिस एल्बोमध्ये झालं, तेव्हा मी वर सांगितलेल्या हाडांच्या डॉक्टरकडे तो गेला. तिथं पाऊण तास गेला, बाहेर पेशंट खोळंबले, आणि परत आल्यावर घरच्यांनी विचारलं तर कोपराबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते दोघांपैकी कुणालाच सांगता येईना. मार्करनं त्याला अनेकदा सुचवलंय, “साहेब, दोन हात लावा, सोपं जाईल.” मार्कर हा अदबीचा माणूस आहे, म्हणून फेडररवाला त्याला माफ करतो.

परवाच्या रविवारी मी कुंपणाबाहेर चहा घेत उभा होतो. पलीकडे कॉलेजातली दोन पोरं, अल्काराझच्या काळात वाढलेली, चेंडू फोडत होती. इकडे फेडररवाला आणि बँकेतले एक निवृत्त मॅनेजर. कसं काय कोण जाणे, गेम यांच्याकडे झुकला होता. सर्व्हिस फेडररवाल्याची, ४०-१५. त्यानं कानामागे केस सारले. तिथे केस नाहीत, पण रॉजर सारायचा. सर्व्हिस पडली, पोरानं परतवली, आणि चेंडू यांच्या बेसलाइनवर असा पडला की चुना उडाला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी उडालेला पाहिला.

“आउट!” फेडररवाला म्हणाला.

मार्कर आकाशाकडे बघू लागला. मॅनेजरांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. पोरगा नेटपर्यंत चालत आला, पांढऱ्या खुणेकडे बघितलं, मग फेडररवाल्याकडे, आणि हसून म्हणाला, “असू दे काका, तुमचाच पॉइंट.”

काकांनी घेतला.