सशुल्क घाम

मार्गदर्शित कौटुंबिक सायकल सफर ही संज्ञा चारच शब्दांची असली, तरी तिचा उलगडा होण्यासाठी त्या चारही शब्दांचे रूढ अर्थ काही काळ बाजूला ठेवावे लागतात. ‘मार्गदर्शित’ म्हणजे जेथे चुकायला दुसरा रस्ताच नाही, तेथे वाट दाखवण्यासाठी पगारी माणूस नेमलेला असणे. ‘कौटुंबिक’ म्हणजे ज्या चौघांचे घरी पंख्याच्या वेगावरही एकमत होत नाही, त्यांनी एका रंगाचे टी-शर्ट घालून एकामागे एक जाणे. आणि ‘सफर’ म्हणजे जेथून निघाले तेथेच घावन गार होण्याच्या आत परतणे. राहिली सायकल. सायकल म्हणजे ज्या वाहनावरून गावातला माणूस हप्त्याची सोय झाली त्या दिवशी उतरला आणि ज्यावर बसण्यासाठी शहरातला माणूस आगाऊ नोंदणी करतो, ते वाहन.

हा उद्योग आता उष्ण कटिबंधातील बहुतेक देखण्या किनाऱ्यांवर रुजला आहे. व्हिएतनाममध्ये होई आन शहराच्या शेजारी भाजीमळ्यांच्या गावांतून, बालीत भातखाचरांच्या कडेने आणि केरळात खाडीपात्रांच्या काठाने हेल्मेटधारी कुटुंबांच्या रांगा जाताना दिसतात. मराठी अभ्यासकाला मात्र इतक्या लांब जाण्याचे कारण नाही, कारण रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव या विषयाच्या अभ्यासाला सर्वार्थाने पुरेसे आहे. पुण्याहून निघालेले कुटुंब ताम्हिणी घाट उतरून, माणगाव, म्हसळा आणि बोर्लीपंचतन मागे टाकत दीडशेवर किलोमीटर वातानुकूलित मोटारीतून येते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी बारा किलोमीटर सायकल चालवून पर्यावरणाला हातभार लावण्यासाठी. या हिशेबातील वजाबाकी करण्याची पद्धत पर्यटनशास्त्रात अद्याप रूढ झालेली नाही.

सायकलीच्या दृष्टीने दिवेआगरचा मोठा गुण असा की, कोकणात असूनही ते सपाट आहे. शेखाडी-आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा किनारी रस्ता अतिशय देखणा असला तरी त्याला चढउतार आहेत, त्यामुळे सफर त्या दिशेला सहसा तोंड वळवत नाही आणि गावातल्या गावातच आपले बारा किलोमीटर पुरे करते. गावाची लांबी बारा किलोमीटर नसल्यामुळे उद्भवणारी अडचण मार्गदर्शक मोठ्या कौशल्याने सोडवतो. तीच पाखाडी, म्हणजे घरे आणि वाड्या यांच्यामधून जाणारी अरुंद वाट, जाताना ‘जुने गाव’ म्हणून दाखवली जाते आणि येताना ‘गावाची दुसरी बाजू’ म्हणून. दोन्ही वेळा तिच्या कडेला तोच कुत्रा झोपलेला असतो, आणि दुसऱ्या फेरीत त्याला ओळखणारे एकमेव माणूस म्हणजे कुटुंबातील सर्वांत लहान मूल होय.

वाडी या शब्दाने या सफरीत होणारा घोटाळा स्वतंत्र विवेचनाला पात्र आहे. कोकणात वाडी म्हणजे वस्ती आणि वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बागही. दिवेआगरात रस्त्याला लागून घर, घरामागे विहीर, विहिरीमागे वाडी, वाडीपलीकडे सुरूचे बन आणि त्यापलीकडे समुद्र अशी ठेवण अनेक ठिकाणी आढळते, त्यामुळे घर कोठे संपले आणि बाग कोठे सुरू झाली हे घरमालकालाही नेमके सांगता येऊ नये. पर्यटकाने ‘वाडी पाहायला आत यावे’ असे ऐकले की तो चपला घालून थेट मागल्या दारापर्यंत जातो, दोरीवरच्या लुगड्यामागे कॅमेरा धरतो आणि चुलीवरचे पाणी आंघोळीचे आहे हे कळल्यावर ‘किती अस्सल’ असे उद्गार काढतो. ‘अस्सल’ हे विशेषण या व्यवसायात ज्या वस्तूची दुरुस्ती पैशाअभावी लांबली आहे, त्या वस्तूला लावले जाते, असे निरीक्षणान्ती म्हणता येईल; कौलारू पडवी अस्सल ठरते, तिच्यावर पुढच्या वर्षी पत्रा पडला की तोच मार्गदर्शक सायकलींची रांग शेजारच्या पाखाडीतून नेतो.

मार्गदर्शक हा बहुधा तालुक्याबाहेरचा, पंचविशीतला आणि अत्यंत उत्साही तरुण असतो. त्याला नारळाच्या झाडाला माड म्हणतात आणि सुपारीच्या झाडाला पोफळ म्हणतात हे ठाऊक असते, आणि ते तो दर दोनशे मीटरवर सांगतो. त्याला जे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही सकाळच्या वातावरणाला शोभणार नाही म्हणून तो गाळतो, त्याची यादी अधिक उद्बोधक आहे. मराठीतील सर्वांत जुन्या ताम्रपटांमध्ये ज्याची गणना होते तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट याच गावचा. ज्या भाषेत मार्गदर्शक ‘गाइज, लेफ्टला बघा’ असे म्हणतो, तिचा हा जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा होय. सफरीत त्याला थांबा नाही, कारण ताम्रपटाशेजारी उभे राहून फोटो काढता येत नाही. १९९७ मध्ये येथील एका वाडीत खणताना किलोभराहून अधिक वजनाचा सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि गावात एकाएकी मोटारी येऊ लागल्या. मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडून मुखवटा गेला, दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले, आणि परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना व्हायला २०२१ साल उजाडले. देवळापाशी सफर थांबते हे खरे, परंतु ती पाणी पिण्यासाठी.

सफरीच्या माहितीपत्रकावर ‘निसर्गाच्या कुशीत एक सकाळ’ असे शब्द असतात. हे शब्द योजणाऱ्याने ते दिवेआगरात मोठ्याने वाचून पाहिले असते, तर त्याला कदाचित दुसरे सुचले असते. कारण या गावाने निसर्गाच्या कुशीत एक अख्खी दुपार काढलेली आहे. बांगलादेशाने सुचवलेले ‘निसर्ग’ हे नाव धारण करणारे चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांमधील माड-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून तिला शिंपणे आणि खत वेळच्या वेळी मिळाले, तरी फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. माडाला त्याहूनही अधिक. म्हणजे आजोबांनी लावलेले, वडिलांनी जगवलेले आणि नातवाच्या फीचे झाड ज्या दुपारी पडले, त्या दुपारचे नाव आता रंगीत कागदावर कुशीसकट छापून येते. आज मार्गदर्शक ज्या मोकळ्या जागेला ‘इथून समुद्र छान दिसतो’ म्हणतो, तेथून समुद्र दिसू लागला तो त्या दुपारनंतर.

योगायोग असा की, ३ जून हाच जागतिक सायकल दिन होय. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१८ मध्ये जाहीर केला. दिवेआगरात झाडे पडत होती त्याच दिवशी तिकडे साहिबाबादेत ॲटलास या नामवंत सायकलीच्या कारखान्याला टाळे लागल्याचे वृत्त आले. एकाच तारखेला सायकलीचा सन्मान, सायकलीच्या कारखान्याची अखेर आणि सायकल सफरीसाठी लागणाऱ्या सावलीचा नाश, असा तिहेरी योग कोणत्याही पंचांगात सापडणार नाही.

सफरीचा कळसाध्याय म्हणजे ‘अनुभव’. ‘अनुभव’ ही जुन्या मराठीत आयुष्य काढल्यावर आपोआप गाठीला पडणारी वस्तू होती. आता ती पंधरा मिनिटांची असते आणि तिच्यासाठी वेगळे पैसे पडतात. पाडेली, म्हणजे नारळ-सुपारी पाडण्यासाठी झाडावर चढणारा माणूस, या अनुभवात प्रमुख भूमिका करतो. एरवी तो सकाळच्या प्रहरात एकामागून एक झाडे उरकतो आणि दाट वाडीत खाली न उतरताच एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी धरतो. सफरीसाठी मात्र तो एकच माड तीन वेळा चढतो, कारण पहिल्यांदा कुटुंबातील मुलाचा मोबाइल उलटा धरलेला असतो आणि दुसऱ्यांदा ऊन समोरून येते. त्यानंतर वडील पायांत दोरीचा फास अडकवून खोडाला मिठी मारतात, जमिनीपासून दीड फूट वर जातात आणि तेथे मोठ्या समाधानाने थांबतात. पाडेली या वेळी आदबीने दुसरीकडे पाहतो. एका झाडाच्या पाडणावळीपेक्षा तीन वेळा चढून दाखवण्याचे अधिक मिळतात ही गोष्ट त्याने घरी अजून कोणाला सांगितलेली नाही, कारण ती सांगितल्यास थोरला मुलगा शिंपण्याचे काम सोडून नुसता चढायला लागेल, अशी रास्त भीती त्याला वाटते.

गावाने सायकल का सोडली, याचे उत्तर सायकलीच्या इतिहासात नसून तिच्या चेनमध्ये आहे. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याने इंग्लंडात साखळीवर चालणारी, दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली जी ‘रोव्हर’ सायकल आणली, तिच्यात आणि वाडीच्या भिंतीला टेकलेल्या सायकलीत मूलभूत फरक फारसा नाही. परंतु खाऱ्या हवेत ती साखळी एका पावसाळ्यात तांबडी होते, आणि मागे नारळांचे पोते बांधून वाळूच्या वाटेवर तिला ढकलणे म्हणजे काय, हे ढकलणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून गाव स्कूटीवर बसले. त्यामुळे सफरीचे दृश्य पाहण्यासारखे असते: ज्यांच्याकडे मोटार आहे ते पायडल मारत धापा टाकत आहेत आणि ज्यांना पाहायला ते आले आहेत, ती माणसे सुपारीचे पोते पायांत घेऊन स्कूटीवरून त्यांना मागे टाकत आहेत. एखादी भली बाई वेग कमी करून विचारतेही, “काय हो, गाडी बंद पडली का तुमची? टेम्पो सांगू?” हौसेने सायकल चालवण्याची कल्पना समजावून देणे अवघड असल्याने मार्गदर्शक नुसता हसतो.

टेम्पो वास्तविक मागून येतच असतो. त्यात पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी आणि आजोबा असतात. आजोबांचे वय साठीपुढचे असल्याने त्यांना सायकल देण्यापूर्वी हमीपत्र लिहून घ्यावे लागते, आणि मुलाने सही केलेली नसते. हे गृहस्थ ज्या काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्या काळात कोथरूडहून कारखान्यात रोज सायकलने गेले, पुढच्या नळीवर मुलाला आणि मागच्या कॅरियरवर गव्हाचा डबा घेऊन त्यांनी लकडी पूल ओलांडला, आणि त्याबद्दल त्यांना कोणीही प्रमाणपत्र दिले नाही. आज नळीवरचा तोच मुलगा गियरच्या सायकलीवरून पुढे जात असून त्याच्या मनगटावरचे घड्याळ त्याला दर किलोमीटरला शाबासकी देत असते. आजोबा टेम्पोच्या फाळक्याला धरून बसतात आणि मुलाची चेन घासते आहे हे आवाजावरून ओळखतात. परंतु टेम्पोवाल्याने गाणी लावलेली असल्यामुळे हे निदान कोणाच्या कानी पडत नाही.

पंक्चर हा या सफरीचा अनियोजित, आणि म्हणूनच एकमेव खरा, भाग म्हणावा लागेल. केवड्याच्या बनाशेजारून जाताना सूनबाईंच्या मागल्या चाकाची हवा जाते, मार्गदर्शकाच्या पिशवीत पंप निघतो पण सोल्यूशनची नळी वाळून दगड झालेली असते, आणि मग कोणीतरी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला हाक मारते, ज्याचे सायकलचे दुकान बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली असली तरी ज्याने पान्हे टाकून दिलेले नाहीत. तो घमेल्यात विहिरीचे पाणी घेऊन येतो, टायरच्या कडेत पान्ह्याची दांडी घालून ट्यूब बाहेर ओढतो आणि हवा भरलेली ट्यूब वीतवीत पाण्यात बुडवत नेतो. बुडबुडे दिसतात तेथे बोट दाबून धरतो, आणि दुसऱ्या हाताने कानामागची काडी काढून जागेवर खूण करतो. आजोबा कोणी न सांगता टेम्पोतून उतरलेले असतात. ते खाली उकिडवे बसतात, कानसीने रबर घासतात, आणि दोघे मिळून ठिगळावर एकदमच फुंकर घालतात. या सगळ्या वेळात दोघांमध्ये “डनलपची?” आणि “छे, ती मिळते कुठे आता” एवढेच संभाषण होते.

पैसे किती, असे विचारल्यावर म्हातारा वीस रुपये सांगतो आणि सुट्ट्यांची अडचण असल्याने राहू द्या म्हणतो. मार्गदर्शक त्याचे नाव आणि फोन नंबर वहीत टिपून घेतो, कारण पुढच्या हंगामाच्या पत्रकात ‘पारंपरिक ग्रामीण दुरुस्तीचा अनुभव, वीस मिनिटे’ ही ओळ घालण्याचे त्याच्या मनात आलेले असते. सायकली पुन्हा रांगेत लागतात, आजोबांना टेम्पोत चढवले जाते. म्हातारा घमेले उचलतो आणि त्यातले पाणी नेहमीप्रमाणे अंगणातल्या नव्या पोफळीच्या आळ्यात ओततो, तेवढ्यात सूनबाई “एक मिनिट हं, परत ओता ना” म्हणून मोबाइल पुढे करतात. तो रिकाम्या घमेल्याकडे पाहतो आणि विहिरीकडे वळतो.