आमचं आरमार

निवृत्तीनंतर मी मुंबईहून तोंडवलीच्या घरी आलो तो पुस्तकांचे चार खोके घेऊन. दोन खोके नुसत्या लढायांचे. मे महिन्यात वाडीतली पोरं मोकाट पाहून माझ्यातला सेनापती जागा झाला. पडवीत रोज संध्याकाळी ‘लहानथोरांसाठी युद्धेतिहास’ सांगायचं ठरलं. ठरवलं मीच, माझ्याशीच.

पहिलं पुष्प पानिपत. शेजवलकरांचं पुस्तक शेजारी ठेवलं, सारवलेल्या जमिनीवर तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे मराठे मांडले, भिरंडाच्या बियांचे अफगाण. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा म्हणून माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. 14 जानेवारी 1761ची सकाळ उजाडतेय, मी हात उंचावतोय, एवढ्यात तांदूळ निवडता निवडता वैनी म्हणाल्या, “भावजी, येवढ्या माणसांक जेवक कोण घाली होता?”

मला डावी बगल पाठ होती, उजवी पाठ होती. भात पाठ नव्हता. “ते गौण आहे,” म्हणालो. रात्री कंदिलाखाली बसून पाहतो तर गौण काय, तेच मुख्य! भाऊसाहेबांच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त: यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे. अब्दालीने रसद तोडली आणि दोन-अडीच महिने कोंडलेली उपाशी फौज शेवटी मरायचंच तर लढून मरू म्हणून बाहेर पडली. वैनींना हे पुस्तक न उघडता कळलं होतं. मी ते दोनदा वाचलं होतं, नकाशे बघत.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम विष्णुभट गोडसे काढले. 1857च्या धामधुमीत दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले हे वरसईचे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, त्याची हकिकत. पोरं हलेनात. शूर माणसाची गोष्ट ऐकताना त्यांचं लक्ष उडतं. घाबरलेल्या माणसाची ऐकताना ती सरकून जवळ बसतात. माझी कला मात्र इथे काही उपयोगी पडली नाही, हे नोंदवतो.

प्रतिष्ठा सावरायला तलवारी करायचं काढलं. कोयता घेऊन परसातल्या फणसाखाली उभा राहिलो, तर वैनी आडव्या. “ह्यो फणस माझ्या सासऱ्यान पोरासारखो वाडवलो हा. हात लावशात तर बगा!” मी त्यांना अडाणी ठरवलं आणि रागारागाने आज्ञापत्र वाचायला बसलो. त्यात रामचंद्रपंत अमात्य आरमाराच्या लाकडाबद्दल लिहितात, की आंबे-फणस उपयोगाचे खरे, पण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. जीर्ण झालेलं झाड घ्यायचंच तर मालकाला राजी करून, पैसे देऊन. पुस्तक मिटून कोयता जागेवर ठेवला. वैनींना काही सांगितलं नाही.

मग शेवटचा डाव. तळाशीलहून होडीने गडनदीच्या मुखाशी जाऊन पलीकडचा सर्जेकोट पाण्यातून दाखवायचा. सिंधुदुर्गाच्या मागोमाग, 1668चा हा कोट. पावसाळ्यात मराठी गलबतं इथे आसऱ्याला येत. होडीवाला पोरगेलासा. “काका, सुकती लागली हा. बेगीन परत जावया.” मी म्हटलं, थांब रे, आरमार समजावतोय. खाडीचं तोंड ताब्यात असलं की शत्रूची कशी कोंडी होते, हे सांगताना होडीने खालून ‘खर्रर्र’ असा आवाज केला.

रुतलो. सात पोरं, मी, आणि उशाएवढा रियासतीचा खंड. भरती परत येईपर्यंत तीन तास. वर उन्हाचा तडाखा. होडीवाला टोपी तोंडावर ओढून आडवा झाला. त्याला भरती-सुकती पाठ होती. पोरांनी तासभर कुर्ल्या पकडल्या, मग वाळूत बसून माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्या नजरेत शिवराळ काही नव्हतं, नुसती भूक होती.

सगळ्यात धाकट्याने विचारलं, “आजोबा, जेवक काय आणलंत?”

पिशवीत हात घातला. दुर्बीण निघाली, किल्ल्याचा नकाशा निघाला, चष्म्याचं घर निघालं.