मिठाला रंग नसतो

आपल्याकडे प्रदूषणाला बातमीत यायचं तर आधी रंगीत व्हावं लागतं. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीत उतरणारी कुत्री निळी झाली, आणि पंचतंत्रातल्या त्या कोल्ह्यानंतर नीळ लागलेल्या प्राण्याला पहिल्यांदाच एवढी प्रसिद्धी मिळाली. २०२०मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तर मुख्यमंत्री जातीने पाहणीला आले. रस्ता करडाच राहिला असता तर वॉर्ड ऑफिसातला शिपाई तरी फिरकला असता का?

हे झालं रसायनांच्या कारखान्यांचं. कापड रंगवण्याच्या धंद्यातला खरा आरोपी मात्र दिसतच नाही. तो म्हणजे मीठ.

सुती धागा आणि रिअॅक्टिव्ह रंग, दोघांवरही पाण्यात ऋणभार. त्यामुळे एकमेकांच्या जवळ यायला नाखूश. मध्ये मीठ घालून दिलजमाई करावी लागते. गडद छटेला लिटरमागे ८०-१०० ग्रॅमपर्यंत. मग सोडा अॅश पडली की रंग धाग्याला कायमचा धरतो. मध्यस्थी आटोपलेलं मीठ मात्र सगळंच्या सगळं सांडपाण्यात. सोबत धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावून वाया गेलेला रंग; तो काढायला गरम पाण्याच्या धुण्यांवर धुणी. दुकानदाराची ‘पक्का रंग’ ही हमी अशी तयार होते.

सांडपाण्यातला रंग बराचसा काढता येतो. चुना आणि हिराकस टाका, गाळ खाली बसतो, पाणी नितळ, पाहणारा खूश. मीठ त्यात जसंच्या तसं. तमिळनाडूत निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या-रंगवणाऱ्या तिरुपूर शहराच्या खालच्या अंगाला नोय्यल नदीवर शेतीसाठी ओरथुपाळयम धरण बांधलं, १९९२मध्ये. त्यात कापड रंगवणाऱ्या डाइंग युनिटांचं खारं पाणी असं साठत गेलं की शेतकरीच म्हणू लागले, पाणी सोडू नका! पाण्यासाठी मोर्चे आपण पाहिलेत. पाणी नको म्हणणारा शेतकरी घडवायला निर्यातीचं शहर लागतं.

२०११च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथली सातशेवर डाइंग युनिटं बंद करायला लावली. एक थेंबही बाहेर जाता कामा नये, ही अट. आता पाणी आरओतून जातं, उरलेलं आटवलं जातं. बरंच मीठ पुन्हा कामी येतं. न येणारं रंगमिश्रित मीठ पोत्यांत भरून शेडमध्ये रचतात. नदीपेक्षा शेड बरी, हे मान्य. पण आटवायला लागणारं इंधन आणि वीज फुकट मिळत नाही, आणि टी-शर्ट घेणाऱ्या परदेशी ब्रँडला दर जुनाच हवा असतो.

नैसर्गिक रंगवाल्यांनी लगेच मिशीत हसू नये. मंजिष्ठेलाही धरून ठेवायला तुरटी लागते. कुणी हिराकस घालतं, कुणी मोरचूद. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तेही शेवटी गटारातच जातं.

सर्वांत जास्त रंग आणि मीठ पिणाऱ्या छटांत काळा पहिल्या रांगेत. पर्यावरण दिनाच्या मॅरेथॉनला वाटायला मात्र तोच टी-शर्ट हवा. मळ दिसत नाही म्हणे.