रात्रीची लाइन

बर्लिनहून सुट्टीवर आलेल्या तरुणाला जवळा बाजार या आमच्या गावात एकच दुःख आहे: इथं नाइटलाइफ नाही! साडेनऊला शटर पडतात म्हणे. बर्लिनच्या टेक्नोला जर्मनीने 2024 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या बर्घाइन क्लबासमोर लोक तासन् तास रांगेत उभे राहतात आणि दारावरचा माणूस नुसती मान हलवून घरी पाठवतो. आमच्या अखंड हरिनाम सप्ताहात रात्रभर जागर चालतो, पण दारावर कोणी नाही. उलट भोंग्यावरून बोलावतात. फुकटच्या ठिकाणी कोण जाणार?

शिवाय शेतीला थ्री-फेज लाइन रात्रीची आली की अर्धं शिवार जागं असतं. डोक्याला बॅटरी, पायात गमबूट, हळदीच्या सरीत पाणी, आणि फ्यूज उडाला की डीपीपाशी जमणारी गर्दी. तिथली चर्चा इथं छापता येणार नाही.

बर्लिन-हॅम्बुर्ग रेल्वेने पावणेदोन तासांचं, हे तो दर जेवणाला ऐकवतो. इकडे यायला मात्र मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर परभणी, पुढे एसटी. या प्रवासाने साहेब इतके दमले की दोन दिवस झोपूनच होते. दोन्ही रात्री लाइन होती.