घोडीवाले मामा आणि झुलीचं माप

तुळशीचं लग्न लागलं की घोडीवाल्याच्या बोलण्यात तो कुठला आणि घोडी कुठली, हे कळेनासं होतं. रस्त्यात भेटलेल्या कुणालाही तो सांगतो, ‘‘तुमच्या थोरल्याचं लगीन मीच केलं की!’’ आखाडा बाळापूरचा घोडीवाला घ्या नाहीतर औंढ्याचा, जात एकच. आमच्या कळमनुरीतले मामा तर त्या जातीचे वतनदार. स्वतःच्या अंगात तीन हिवाळे जुना स्वेटर, कोपराला भोक. पण राणी घोडीला यंदा काय पांघरायचं, यावर दिवाळीपासून घरात चर्चासत्र चालू होतं.

लोकांना वाटतं, मामा मशीन लावून राणीचे केस उतरवतात ते फोटोसाठी. थोडं असतंही तसं, खोटं कशाला बोला. पण खरं कारण घामाचं. दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट केस यायला लागतात. थंडी पडायची तो वाट बघत नाही. तसल्या कांबळ्यासकट राणी दीड तास डीजेपुढं पाय आपटत राहिली की निथळते, आणि तो घाम पहाटेपर्यंत वाळत नाही. त्यात कयाधूकडून येणारं वारं. म्हणून केस काढायचे. केस काढले की घोडी उघडी पडते, म्हणून झूल हवी. राणीला गोठाही नाही. वळवाच्या वाऱ्यानं पत्रे नेले, तेव्हापासून ती लिंबाखाली.

आता झूल निवडायची, तर गावात सल्ल्याला काय तोटा? शेजारच्या काकांनी सोयाबीनची पोती उसवून शिवायला सांगितली. त्यांच्या बैलांना तेच असतं. मामा म्हणाले, ‘‘काका, बैलाला वशिंड आहे. पोतं तिथं अडकून ऱ्हातं. घोडीला वशिंड कुठून आणू?’’ आणि तसंच झालं. पोतं रात्री घसरून पोटाखाली गेलं, राणीनं त्यात पाय घातला आणि अख्ख्या गल्लीला उठवलं.

मग मामींच्या नकळत सोलापुरी चादर गेली. सुती कापड, पहाटेचं दव प्यायलं. सकाळी ती राणीच्या पाठीवर धुणं वाळत घातल्यासारखी होती, फक्त वाळत नव्हती. मामींना कळायचं ते कळलंच.

तिसरा प्रयोग फ्लेक्सचा. भाऊंचा वाढदिवस उरकला होता, बॅनर फुकट मिळालं. दवाचा थेंब आत जात नाही, ही मामांची खात्री. एका कुशीवर ‘भावी नगरसेवक’, दुसऱ्यावर शुभेच्छुकांचे चाळीस गोल फोटो, आणि खुद्द भाऊ हात जोडून नेमके शेपटीजवळ. राणी शेपूट हलवी तेव्हा भाऊंचा चेहरा झाके-उघडे. सकाळी मामांनी आत हात घातला तर इडलीच्या भांड्याचं झाकण उघडावं तसा ओला. बाहेरचं पाणी आत येत नव्हतं हे खरं, पण अंगाची वाफ बाहेर जायला तरी वाट पाहिजे ना! निवडणुकीपूर्वीच भाऊंना उतरवावं लागलं.

पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं फोनवर परदेशी झूल दाखवली. छातीला बकल, पोटाखाली पट्टे, आणि भरण दोनशे ग्रॅम.

‘‘दोनशे?’’ मामा चपापले. ‘‘अरे, दोनशे ग्रॅममध्ये चौघांना शेव पुरत नाही. एवढ्यात घोडी झाकती का?’’

ते एका चौरस मीटरला असतं, हे समजवायला भाच्याला अर्धा तास लागला. किंमत समजवायला एक क्षणही लागला नाही. पण त्यातली एक गोष्ट मामांना पटली. माप घ्यायचं ते छातीच्या मधोमधून बाजूनं थेट ढुंगणाच्या टोकापर्यंत. मामांनी टेप लावला, पावणेसहा फूट भरलं. तो आकडा घेऊन ते शिंप्याकडे गेले. शिंप्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘पडदा का?’’

शेवटी माळेगावची यात्रा कामाला आली. राणीही तिथलीच. खंडोबाच्या यात्रेत घोडं घ्यावं, देवाचंच वाहन आहे, असं मामांचं शास्त्र. तिथून काळी घोंगडी आणली. लोकर भिजली तरी ऊब धरते, हे धनगराच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. फक्त केस काढलेल्या कातडीला ती टोचते, म्हणून आतून मऊ अस्तर पाहिजे. मानेच्या बुडाशी जिथं हाड वर येतं तिथं घासून जखम होते, म्हणून तिथं दुप्पट. अस्तर कशाचं लावलं, हे मामींनी अंगणात येऊन बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘माझं डोहाळजेवणाचं पातळ बरं दिसतंय हो हिला.’’ पुढचे दोन दिवस मामा बाहेर जेवले. लग्नसराई होती, अडचण आली नाही.

आता वरातीहून आल्यावर आधी फेऱ्या, मग कोरड्या पाचटानं चोळणं. अंग पुरतं वाळल्याशिवाय घोंगडी नाही. समोर कडबा, कारण घोड्याची खरी शेगडी पोटात असते. रात्रभर चघळलं की रात्रभर धग. सकाळी ऊन चढलं की झूल खाली. आमच्याकडं पहाटे दात वाजतात आणि दुपारी सदरा नको होतो, त्यामुळं परदेशी घोड्यांसारखं चोवीस तास गुंडाळून ठेवायची सोयच नाही.

रात्रीतून मामा दोनदा उठतात. कान धरून बघत नाहीत. कान गार लागले म्हणून घोडी गार असतेच असं नाही. खांद्यामागं, घोंगडीच्या आत पंजा सरकवतात आणि डोळे मिटून उभे राहतात, वैद्य नाडी बघतात तसे. ती सवय हाताला इतकी लागली आहे, की आत येऊन झोपलेल्या नातवाच्याही खांद्यामागं हात घालून बघतात. पोरगं दचकून उठतं.

गेल्या पौषात पहाटेच्या गाडीसाठी मी स्टँडकडे निघालो होतो. धुक्यात राणी घोंगडीत शांत उभी, नाकातून वाफा. मामा चहाच्या टपरीकडे चालले होते, थंडीनं खांदे कानापर्यंत चढलेले, अंगाभोवती काहीतरी कडकडीत गुंडाळलेलं. हाक मारणार होतो, पण तेवढ्यात ते दिव्याखाली आले. पाठीवर भाऊ हात जोडून होते.